किरणांचे माप आणि नमुन्याची जागा

मंडळी, थंडीच्या दिवसांत पहाटे अंगणात शेकोटी पेटते. पोरे जाळाला अगदी खेटून बसतात, म्हातारी माणसे घोंगडी पांघरून जरा मागे बसतात. आणि उशिरा उठून आलेला एखादा सर्वांच्या मागे उभा राहून म्हणतो, "अरे, जाळ कमी पडला, अजून दोन काटक्या टाका!" त्याच वेळी पुढचे पोर म्हणत असते, "नको, फार चटका बसतोय." आता खरे कोण बोलतो? दोघेही खरेच बोलतात. जाळ तोच आहे, फरक आहे तो बसण्याच्या जागेचा. तेव्हा लागलेल्या उबेवरून जाळाचा अंदाज करायचा, तर आधी विचारले पाहिजे की बाबा, तू बसलास कुठे?

हाच साधा प्रश्न गॅमा किरण मोजणाऱ्या शास्त्रज्ञाला रोज स्वतःला विचारावा लागतो. त्याच्या यंत्रावर आकडा उमटतो. पण तो आकडा म्हणजे नमुन्यात असलेला किरणोत्सर्ग नव्हे. नमुना किती प्रखर, यंत्र किती चांगले आणि नमुना ठेवला कुठे, या तिन्ही गोष्टी त्या एका आकड्यात मिसळलेल्या असतात. पहिल्या दोन गोष्टींकडे सगळ्यांचे लक्ष जाते. तिसरीकडे दुर्लक्ष झाले, तर चांगले दूध वाईट ठरते आणि वाईट दूध चांगले ठरते.

दुधाचे नाव घेतले ते उगीच नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी त्या वेळच्या सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल येथील अणुवीज केंद्रात मोठा अपघात झाला. किरणोत्सारी धूळ वाऱ्याबरोबर युरोपभर पसरली, पावसाबरोबर गवतावर उतरली. ते गवत गाईंनी खाल्ले आणि त्यातले सीझियम दुधात आले. पुढे आयर्लंडचे लोणी मुंबईत आले, तेव्हा ते खावे की न खावे, हा वाद आधी मुंबई उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेल्या मर्यादेच्या आतले दूध आणि दुधाचे पदार्थ खाण्यास निर्धोक आहेत, असे मत समितीने दिले, आणि १९८८ साली निकाल लागला. आता विचार करा, मर्यादेच्या आत की बाहेर हे ठरवणार कोण? प्रयोगशाळेतले यंत्र. आणि यंत्राचा आकडा बरोबर की चूक हे ठरवणाऱ्या गोष्टींत एक आहे नमुन्याची जागा.

आता गॅमा किरण म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. काही अणू स्वभावतः अस्थिर असतात. ते आपोआप मोडतात, आणि मोडताना पुष्कळदा प्रकाशाच्याच जातीचा, पण डोळ्यांना न दिसणारा आणि फार जोरकस असा किरण बाहेर फेकतात. तोच गॅमा किरण. यासाठी अणुभट्टीपर्यंत जायला नको. तुमच्या घरात म्युरेट ऑफ पोटॅशचे पोते असेल, तर त्यातही हे चालू आहे. पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० नावाचा एक प्रकार निसर्गतःच अगदी थोडा मिसळलेला असतो. एक किलो पोटॅश खत घेतले, तर त्यात दर सेकंदाला पंधरा हजारांवर अणू मोडतात, आणि त्यांतून सुमारे १,६५० गॅमा किरण बाहेर पडतात. घाबरू नका. पोटॅशियम आपल्या रक्तामांसातही आहे, केळ्यातही आहे, आणि माणूस त्याच्यासह पिढ्यान्‌पिढ्या जगत आला आहे.

हे किरण मोजणाऱ्या यंत्राला किरणशोधक म्हणू. प्रयोगशाळेत सगळे त्याला डिटेक्टर म्हणतात. त्यात एक स्फटिक असतो, कुठे सोडियम आयोडाइडचा, कुठे जर्मेनियमचा. किरण स्फटिकात शिरला आणि तिथे अडकला, की सोडियम आयोडाइडमध्ये बारीकशी चमक उठते, जर्मेनियममध्ये विजेचा बारीकसा ठोका उठतो. यंत्र ते मोजते. नमुन्यातून निघालेल्या किरणांपैकी किती मोजले गेले, याला त्या यंत्राची कार्यक्षमता म्हणतात. हजार किरण निघाले आणि वीस मोजले गेले, तर कार्यक्षमता शेकडा दोन.

तुम्ही म्हणाल, एवढे महागाचे यंत्र, आणि शेकडा दोनच? तर ऐका. प्रयोगशाळांत तीन इंच व्यासाचा आणि तीन इंच उंचीचा सोडियम आयोडाइडचा स्फटिक फार प्रसिद्ध आहे. इतर यंत्रांची तुलना त्याच्याशी करतात. कोबाल्ट-६० चा एक ठिपका त्याच्या तोंडासमोर २५ सेंटिमीटरवर ठेवला आणि त्याचे मोठ्या शक्तीचे एक हजार किरण बाहेर पडले, तर पूर्ण शक्तीनिशी मोजले जातात ते सरासरीने अवघे १.२. बाकीचे गेले कुठे? बहुतेक सगळे तर यंत्राच्या दिशेने आलेच नाहीत. ठिपका किरण फेकतो तो दाही दिशांना. हिशेब केला, तर हजारांतले सहाएक स्फटिकाच्या तोंडाकडे येतात. त्या सहांतला एखाददुसराच पूर्ण अडकतो. कुणी आरपार निघून जातो, कुणी आपली थोडी शक्ती टाकून निसटतो.

म्हणजे हजारातून सहा ही पहिली मोठी गळती निव्वळ जागेमुळे झाली. यंत्राचा त्यात काही दोष नाही.

शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात दाखवता येईल. खोलीत अंधार करा. विजेरीचा बारीक दिवा तिच्या चकचकीत वाटीतून काढून उघडा पेटवा. पुठ्ठ्याचा पाच सेंटिमीटरचा चौकोन दिव्यापासून २५ सेंटिमीटरवर धरा, आणि ५० सेंटिमीटरवर भिंत येईल असे करा. सावली दहा सेंटिमीटरची पडेल. मुलांना विचारा, या सावलीत असे किती पुठ्ठे मावतील? चार. मग भिंत ७५ सेंटिमीटरवर न्या. सावली पंधरा सेंटिमीटरची होईल, आणि तिच्यात नऊ पुठ्ठे मावतील. म्हणजे अंतर दुप्पट झाले, तर तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरतो आणि एका पुठ्ठ्याच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो. अंतर तिप्पट झाले, तर नववा. गॅमा किरणांनाही हाच नियम लागू आहे.

इथवर सोपे आहे. पण हा नियम पाठ करून जो प्रयोगशाळेत शिरेल, तो फसेल. कारण हा नियम लांबचा आहे, अगदी जवळ तो चालत नाही. त्याच तीन इंची स्फटिकाचा हिशेब पाहा. ठिपका तोंडासमोर मधोमध धरला आहे, आणि आपण फक्त तोंडाकडे येणारे किरण मोजतो आहोत. ठिपका २० सेंटिमीटरवर असेल, तर हजारांतले ९ किरण तोंडाकडे येतात. १० सेंटिमीटरवर ३३ येतात, म्हणजे जवळजवळ चौपट, नियमाप्रमाणे. पण २ सेंटिमीटरवरून १ सेंटिमीटरवर आणला, तर २६८ चे चौपट, म्हणजे हजाराच्या वर, व्हायला हवेत. होतात ३७३. का बरे? थाळी दिव्याच्या अगदी जवळ धरून पाहा. एका बाजूला एकच थाळी, ती दिव्याचा निम्म्याहून जास्त उजेड कधी अडवूच शकत नाही, कारण दुसऱ्या बाजूचा निम्मा उजेड तिच्याकडे येतच नाही. ती निम्म्याच्या जवळ पोहोचली, की आणखी पुढे सरकवून फारसा लाभ होत नाही.

दुसरी एक खोच आहे. अंतर मोजायचे ते कुठून कुठवर? बाहेरून दिसते ते ॲल्युमिनियमचे झाकण. स्फटिक त्याच्या थोडा आत असतो. आणि किरण स्फटिकाच्या तोंडावरच अडकतो असेही नाही. दुबळा किरण वरच्या थरातच अडकतो, जोरकस किरण खोल जाऊन अडकतो. म्हणजे यंत्राच्या दृष्टीने अंतर आपल्या मोजपट्टीपेक्षा जास्त असते, आणि ते सगळ्या किरणांसाठी सारखेही नसते. म्हणून पट्टी लावून, नियम लावून कार्यक्षमता काढता येत नाही. ती प्रत्यक्ष प्रमाण नमुना ठेवून पाहावी लागते. प्रमाण नमुना म्हणजे ज्यातून दर सेकंदाला किती किरण निघतात हे आधीच पक्के ठाऊक आहे असा नमुना.

आता जागा थोडीशी चुकली तर काय होते ते पाहा. ठिपका एक सेंटिमीटरवर ठेवायचा होता, तो दीडवर गेला. तोंडाकडे येणारे किरण शेकडा १५ नी घटले. तोच ठिपका २५ सेंटिमीटरवर ठेवायचा होता आणि साडेपंचवीसवर गेला, तर घट शेकडा चारच. चूक दोन्हीकडे अर्ध्या सेंटिमीटरचीच, पण जवळ तिची किंमत जवळजवळ चौपट. बाजूला सरकण्याचेही तसेच. २५ सेंटिमीटरवर ठिपका एक सेंटिमीटर बाजूला सरकला, तर आकड्यात फरक जाणवत नाही. तोंडाशी मात्र मधल्या जागेवरून काठावर गेला, तर आकडा निम्म्याच्या आसपास येतो.

या गोष्टीचा उपयोग दवाखान्यात कसा करतात ते ऐकण्यासारखे आहे. गळ्यातली अवटु ग्रंथी, जिला डॉक्टर थायरॉइड म्हणतात, ती किती आयोडीन ओढते हे पाहायचे असते. रोग्याला किरणोत्सारी आयोडीन अगदी थोडे देतात आणि गळ्यासमोर किरणशोधक धरतात. पण ग्रंथी कुणाची कातडीच्या जवळ, कुणाची एखादा सेंटिमीटर खोल. पोट कापून कोहळे पाहावे तसे गळा उघडून तर पाहता येत नाही! यंत्र गळ्याशी, ग्रंथीपासून पाच सेंटिमीटरवर धरले असते, तर एका सेंटिमीटरच्या खोलीने आकडा शेकडा २४ नी बदलला असता. धडधाकट माणूस रोगी ठरला असता. म्हणून यंत्र सुमारे २५ सेंटिमीटर लांब धरतात. तिथे तोच सेंटिमीटर शेकडा सातच फरक करतो. किरण कमी मिळतात, वेळ जास्त लागतो, पण आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

मग सगळेच नमुने लांब ठेवावेत की! असे करता आले असते तर बरे झाले असते. पण दुधातले किंवा भाजीतले सीझियम फार थोडे असते. ते लांब ठेवले, तर यंत्राला काही ऐकूच येत नाही. भिंतीतून, जमिनीतून आणि आकाशातून येणारे किरणच त्याच्यावर मात करतात. म्हणून यंत्राभोवती शिशाची जाड भिंत घालतात आणि नमुना यंत्राच्या अगदी तोंडाशी ठेवतात. पुष्कळ ठिकाणी तर भांडेच असे बनवतात की त्याच्या तळाला आत वळलेली खोबण असते. ते किरणशोधकावर टोपीसारखे बसते, आणि दूध यंत्राच्या वरही येते, भोवतीही येते. अशा भांड्याला मॅरिनेली भांडे म्हणतात. म्हणजे जिथे जागेची चूक सगळ्यांत महाग पडते, नेमक्या तिथेच काम करणे भाग पडते.

इथे नमुना हा ठिपका नसतो, हेही लक्षात घ्या. साध्या बरणीत दूध भरले आणि ती यंत्राच्या तोंडावर ठेवली, तर तळाचे दूध एक सेंटिमीटरवर आणि वरचे दूध पाचवर, असे होते. मधोमध घेतलेल्या एका थेंबापुरते पाहिले, तर तळच्या थेंबाचे हजारांतले ३७३ किरण यंत्राकडे निघतात, वरच्या थेंबाचे १०२. शिवाय वरच्या थेंबाच्या किरणांना खालच्या दुधातून वाट काढावी लागते. सीझियम-१३७ चा किरण पाण्याचा सुमारे आठ सेंटिमीटरचा थर ओलांडता ओलांडता निम्मा होतो. मातीच्या नमुन्यात तर दुबळ्या किरणांची वाट त्याहूनही लवकर अडते.

आता समजा, बरणी सहा सेंटिमीटर भरायची असे ठरवून यंत्राचे माप बांधले आहे. एके दिवशी दूध कमी आले, म्हणून ती चारच सेंटिमीटर भरली, आणि हिशेब मात्र सहाचाच लावून किलोमागचा आकडा काढला. दूध सरासरीने यंत्राच्या जास्त जवळ आले. किलोमागे आकडा फुगला. मर्यादेच्या काठावरचे चांगले दूध वाईट ठरले, आणि शेतकऱ्याचे नुकसान झाले. उलट, बरणीखाली कुणी एखादी चकती विसरली, तर आकडा खाली येईल, आणि जे दूध बाजारात जायला नको ते पोरांच्या पेल्यात जाईल. यंत्र दोन्ही वेळा बिनचूक चालले होते, हे विसरू नका.

यावर उपाय आपल्या बाजारात जुनाच आहे. पूर्वी धान्य पायलीने मोजत. घेताना शिगोशीग आणि देताना सपाट, असे जो करी त्याला गाव लबाड म्हणे. माप ज्या रीतीने भरून घेतले, त्याच रीतीने भरून दिले पाहिजे. प्रयोगशाळेत नेमके हेच करतात. ज्या बरणीत नमुना, तशाच बरणीत प्रमाण द्रव. जेवढी उंची याची, तेवढीच त्याची. नमुना दाट असेल, तर प्रमाणही तितकेच दाट. आणि बरणी दर वेळी त्याच जागी बसावी, म्हणून तिच्या बुडाच्या मापाची बैठक करून ठेवतात. हाताचा अंदाज, डोळ्याचा अंदाज, यांना तिथे वाव ठेवत नाहीत.

आणखी एक गंमत सांगतो, आणि संपवतो. जवळ नेले की किरण जास्त मोजले जातील, असे आपण धरून चाललो. पण कधी कधी जवळ नेल्यानेच किरण हरवतात. कोबाल्ट-६० चा अणू मोडताना लागोपाठ दोन किरण फेकतो, एक १,१७३ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट शक्तीचा आणि दुसरा १,३३२ चा. दोघांमधला वेळ इतका थोडा असतो की यंत्राला ते एकत्रच वाटतात. नमुना लांब असेल, तर दोघेही यंत्रात येण्याचा योग क्वचित. पण नमुना तोंडाशी असेल, तर तो योग वारंवार येतो. मग यंत्र दोघांची बेरीज करून २,५०५ चा एकच किरण आला असे लिहिते. १,१७३ च्या खात्यातला एक गेला, १,३३२ च्या खात्यातलाही एक गेला. बाजारात दोन माणसे एका घोंगडीखाली शिरली आणि दाराशी मोजणाऱ्याने एकच डोके मोजले, तसे हे झाले.

याचा दुधाशी संबंध आहे. चेर्नोबिलच्या धुळीत सीझियमचे दोन प्रकार होते. सीझियम-१३७ चा ६६२ शक्तीचा किरण एकटाच येतो, त्याला हा घोटाळा नाही. पण सीझियम-१३४ चे ६०५ आणि ७९६ शक्तीचे किरण जोडीने येतात. जागा तोंडाशी, आणि या हरवलेल्या किरणांची दुरुस्ती केली नाही, तर १३७ चा आकडा बरोबर येतो आणि १३४ चा कमी येतो. एकाच बरणीत, एकाच वेळी, एकाच यंत्रावर! म्हणून अशा ठिकाणी प्रमाण नमुनाही त्याच जातीचा घ्यावा लागतो, नाहीतर हिशेबाने दुरुस्ती करावी लागते.

तेव्हा मंडळी, उद्या वर्तमानपत्रात आले की अमुक गावच्या पाण्यात, अमुक देशाच्या दुधात इतका इतका किरणोत्सर्ग सापडला, तर आकडा पाहून एकदम घाबरू नका, आणि एकदम निश्चिंतही होऊ नका. विचारा, कोणत्या भांड्यात मोजले, भांडे किती भरले होते, ते यंत्रापासून कुठे ठेवले होते, आणि तशाच भांड्यात प्रमाण नमुना ठेवून यंत्र आधी तपासले होते काय? चांगली प्रयोगशाळा या प्रश्नांची उत्तरे आपल्या वहीत लिहून ठेवते, आणि विचारल्यास देते. ज्याला ही उत्तरे देता येत नाहीत, त्याचा आकडा कितीही दशांश स्थळांपर्यंत असला, तरी तो मागच्या रांगेत उभे राहून जाळ कमी आहे म्हणणाऱ्या माणसाच्या बोलण्याइतकाच समजावा.

शिक्षक मंडळींनी दिव्याचा आणि पुठ्ठ्याचा प्रयोग मुलांकडून जरूर करून घ्यावा. मुलांनी अंतरे आणि सावल्या स्वतः मोजाव्यात. आणि वहीत आकडा लिहिला, की त्याच्या शेजारी दिवा कुठे, पुठ्ठा कुठे आणि भिंत कुठे होती, हेही लिहायला लावावे. ती सवय एकदा लागली, की पुढे ती मुले पाऊस मोजोत, दूध मोजोत की किरण मोजोत, त्यांच्या मोजणीवर विसंबून राहता येईल.